डायलवर हॅमिल्टन, रिंगवर व्हॉर्टिक

घड्याळ समोरून पाहिलं तर त्यावर एकच नाव दिसतं: हॅमिल्टन. मोठे स्पष्ट अंक, सहाच्या जागी सेकंदांची छोटी तबकडी, आणि चावी द्यायचा क्राउन मात्र तीनच्या बाजूला नसून थेट बाराच्या डोक्यावर. घड्याळ उलटं केलं की मागच्या काचेतून जुनं यंत्र दिसतं. त्याच्या पट्ट्यांवरही हॅमिल्टनच कोरलेलं आहे. त्या यंत्राला धरून ठेवणारी जी धातूची रिंग आहे, तिच्यावर मात्र वेगळा मजकूर आहे: व्हॉर्टिक, द लँकेस्टर आणि एक अनुक्रमांक.

हे घड्याळ कोणाचं म्हणायचं, यावर अमेरिकेत २०१५ ते २०२१ अशी सहा वर्षं भांडण चाललं. एका बाजूला हॅमिल्टन हे घड्याळांतलं शंभरीपार नाव, दुसऱ्या बाजूला जुनी खिशातली घड्याळं मनगटावर आणणारी व्हॉर्टिक ही छोटी कंपनी. जुन्या मूव्हमेंटवर, म्हणजे घड्याळाच्या आतल्या यंत्रावर, नवं घड्याळ बांधायचा विचार करणाऱ्या प्रत्येकाने हा खटला नीट समजून घ्यावा असं मला वाटतं. कायद्यासाठी तर घ्यावाच, पण त्याहून जास्त कारागिरीसाठी. कारण न्यायाधीशांनी जे प्रश्न विचारले, तेच प्रश्न घड्याळजी टेबलावर आलेल्या प्रत्येक जुन्या घड्याळाला विचारतो. मूळचं काय राहिलंय? काय बदललंय? कोणी बदललंय, आणि ते कुठे लिहून ठेवलंय का?

यंत्र एकीकडे, केस दुसरीकडे

आधी ही यंत्रं कुठून येतात ते पाहू. (केस म्हणजे इथे यंत्राभोवतीचं धातूचं आवरण.) हॅमिल्टन वॉच कंपनी १८९२ मध्ये पेनसिल्व्हेनियातल्या लँकेस्टर इथे सुरू झाली. तेव्हा अमेरिकेत रेल्वे वाढत होती आणि एकेरी रुळांवर गाड्यांची समोरासमोर टक्कर टाळायची तर चालकांच्या घड्याळांवरच भिस्त होती. १८९१ च्या एप्रिलमध्ये ओहायोतल्या किप्टन इथे असाच अपघात झाला. एका चालकाचं घड्याळ चार मिनिटं मागे पडलं होतं, असं त्याबाबत सांगितलं जातं. त्यानंतर वेब बॉल या क्लीव्हलंडच्या जवाहिऱ्याच्या पुढाकाराने रेल्वेच्या घड्याळांसाठी कडक नियम आले. आठवड्याला ३० सेकंदांहून जास्त फरक चालणार नाही. निदान १७ खडे, म्हणजे चाकांच्या दांड्यांची टोकं ज्यांत फिरतात ते कठीण दगड, हवेत. घड्याळ वेगवेगळ्या स्थितींत आणि तापमानांत जुळवलेलं हवं. झाकण नसलेली उघडी डायल हवी आणि क्राउन बाराच्या जागी हवा.

हा शेवटचा नियम इथे महत्त्वाचा आहे. खिशातल्या घड्याळाच्या यंत्रांची ठेवण दोन प्रकारची असते. झाकणाच्या घड्याळात क्राउन तीनच्या जागी आणि सेकंदकाटा सहाच्या जागी येतो. असं यंत्र मनगटावर सहज बसतं. उघड्या डायलच्या घड्याळात क्राउन बाराला आणि सेकंदकाटा त्याच्या बरोबर समोर, सहाला. रेल्वेची सगळी यंत्रं या दुसऱ्या जातीची. ते यंत्र मूळ डायलसकट मनगटी केसमध्ये ठेवलं की क्राउन डोक्यावर येणारच. त्याला तीनकडे वळवायचं तर डायल चतकोर फिरवावी लागते, मग सेकंदांची तबकडी नऊला जाते आणि मूळ डायलचे पाय, म्हणजे तिच्या मागच्या बारीक खुंट्या, यंत्रातल्या भोकांत बसत नाहीत. म्हणजे एकतर पाय कापायचे, नाहीतर डायलच नवी करायची. बाराच्या क्राउनचं मनगटी घड्याळ दिसायला विचित्र वाटतं खरं, पण यंत्राला आणि डायलला हात न लावल्याची ती खूण आहे.

आकाराचंही तसंच. अमेरिकी यंत्रांची मापं 'साइज'मध्ये मोजतात. शून्य साइज म्हणजे एक इंच आणि पाच तिसांश, आणि पुढची प्रत्येक साइज एक तिसांश इंचाने मोठी. रेल्वेची नेहमीची १६ साइज त्या हिशेबाने १.७ इंच, म्हणजे ४३.१८ मिलिमीटर भरते. हे नुसत्या यंत्राच्या तळपट्टीचं माप झालं, केस त्याहून मोठी. मोठ्या घड्याळांची चाल आल्याशिवाय असं काही मनगटावर घालायला कोणी धजावलं नसतं.

आता या प्रकरणातली मला सर्वांत मोलाची वाटणारी गोष्ट. त्या काळात अमेरिकेत घड्याळ बहुधा एका कंपनीचं नसायचंच. हॅमिल्टन, एल्जिन, वॉल्थम या कंपन्या मुख्यतः यंत्रं विकायच्या. केस बनवणाऱ्या कंपन्या वेगळ्या होत्या, फिलाडेल्फियाची कीस्टोन वॉच केस कंपनी ही त्यांतली एक. ग्राहक जवाहिऱ्याच्या दुकानात जाऊन आधी यंत्र निवडायचा, मग खिशाला परवडेल ती केस. सोन्याची, सोन्याचा पत्रा चढवलेली, चांदीची, निकेलची. जवाहिऱ्या दोन स्क्रूंनी यंत्र केसमध्ये बसवून द्यायचा. साइजची मापं ठरलेली होती ती याचसाठी. यंत्र करणाऱ्याचं नाव यंत्रावर आणि डायलवर, केस करणाऱ्याचं नाव केसच्या झाकणाच्या आत. एकाच घड्याळात दोन सह्या, आणि त्यात कोणाला काही वावगं वाटायचं नाही. सगळं घड्याळ कारखान्यातूनच केसबंद होऊन विकायची पद्धत रुळली ती पुढे.

हीच मोकळीक या घड्याळांच्या मुळावर आली. केस सोन्याची, आणि दोन स्क्रू काढले की हातात येणारी. सोन्याचा भाव वाढला की केस वितळवणाऱ्याकडे जाते आणि यंत्र डायलसकट मागे उरतं. कोणी ते मूठभर यंत्रांच्या ढिगात विकतो, कोणी डब्यात टाकून ठेवतो. वर केस नाही, म्हणून धूळ आत शिरते, बॅलन्सचा, म्हणजे वेळ मोजणाऱ्या झुलत्या चाकाचा, दांडा वाकतो, डायलच्या इनॅमलच्या मुलाम्याला तडा जातो. एकेका यंत्रासाठी लोकांनी कित्येक तास घालवलेले असतात आणि शेवटी ते चिमट्याने उचलून पाहण्याइतकंही मोल त्याला उरत नाही. असा ढीग मी चाळला आहे. वरची काजळी पुसली की खाली पट्टेदार नक्षीचं निकेल, सोनेरी अक्षरं आणि सोन्याच्या कोंदणात बसवलेले माणकासारखे खडे दिसतात. ते पाहून हळहळ वाटल्याशिवाय राहत नाही.

व्हॉर्टिकने काय केलं

व्हॉर्टिक ही कंपनी कोलोरॅडोतल्या फोर्ट कॉलिन्स इथली. तिचे संस्थापक आर. टी. कस्टर पेनसिल्व्हेनियात शिकले. वितळवलेल्या केसेसमधून उरलेली अमेरिकी यंत्रं वाचवायची आणि त्यांना नवं घर द्यायचं, ही त्यांची कल्पना. जुनी यंत्रं साफ करून, तेल घालून, मोडका भाग बदलून चालू करायची, आणि भोवती नवी मनगटी केस बांधायची. केस घडवण्यासाठी त्यांनी धातूच्या त्रिमितीय छपाईचं तंत्रही वापरलं. एकाच साइजची म्हणवली जाणारी जुनी यंत्रंसुद्धा जाडीत, क्राउनच्या उंचीत एकमेकांपेक्षा थोडी वेगळी असतात. हजारांनी एकसारख्या केसेस पाडणाऱ्या साच्यापेक्षा असं तंत्र त्यांना जास्त मानवतं.

हॅमिल्टनच्या रेल्वेकालीन यंत्रांवर बांधलेल्या घड्याळाला त्यांनी 'द लँकेस्टर' नाव दिलं. यंत्र, डायल आणि काटे हॅमिल्टनचे मूळ. केस, पुढची-मागची काच, पट्टा आणि ती रिंग व्हॉर्टिकची.

दरम्यान हॅमिल्टन कधीच लँकेस्टरमधून गेली होती. १९६९ मध्ये तिथलं घड्याळांचं उत्पादन थांबलं, १९७४ मध्ये हे नाव स्विस एसएसआयएच समूहाकडे गेलं, आणि आज ते स्वॉच ग्रुपमध्ये आहे. मुख्यालय बील या स्विस शहरात आहे. तिथून आजही हॅमिल्टन नावाची मनगटी घड्याळं जगभर विकली जातात. म्हणजे नाव जिवंत आहे, आणि ते ज्या वस्तूवर असेल तिच्याबद्दल लोक काय समजतात याची मालकाला काळजी असणं स्वाभाविक आहे.

२०१५ मध्ये हॅमिल्टनच्या वकिलांनी 'हे थांबवा' असं पत्र धाडलं. तोडगा निघाला नाही, आणि २०१७ मध्ये न्यूयॉर्कच्या संघीय न्यायालयात दावा दाखल झाला. दावा केवळ कंपनीवर नव्हता, कस्टर यांच्यावर व्यक्तिशःही होता. आरोप ट्रेडमार्क हक्काच्या भंगाचे, बनावटीचे, अनुचित स्पर्धेचे. हॅमिल्टनचं म्हणणं थोडक्यात असं की, हे घड्याळ आम्ही केलेलं नाही, याची गुणवत्ता आमच्या हातात नाही, तरी समोर आमचंच नाव दिसतंय. विकत घेणाऱ्याला ते आमचंच वाटेल.

हे म्हणणं उडवून लावण्यासारखं नाही. टेबलापलीकडे बसलेल्या माणसाला डायलवर खरोखरच फक्त हॅमिल्टन दिसतं.

आधीचे दोन निकाल

अमेरिकेत या प्रश्नाचं मूळ घड्याळांत नाही, मोटारीच्या स्पार्क प्लगमध्ये आहे. वापरलेले चॅम्पियन प्लग गोळा करून, दुरुस्त करून, रंगवून पुन्हा विकणाऱ्या एका व्यापाऱ्याविरुद्ध चॅम्पियन कंपनी सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेली. १९४७ मध्ये निकाल लागला. प्लगवर चॅम्पियनचं मूळ नाव राहू द्या, पण हा वापरलेला किंवा दुरुस्त केलेला आहे हे ठळकपणे सांगा. दुरुस्त वस्तू नव्याइतकी चांगली नसेलही, पण ग्राहकाला ते माहीत असेल तर त्यात फसवणूक नाही. त्याच निकालात न्यायालयाने एक खिडकीही उघडी ठेवली. दुरुस्ती इतकी खोलवर असू शकते की मूळ नावाने त्या वस्तूला हाक मारणंच चुकीचं ठरावं.

ती खिडकी १९६४ मध्ये एका घड्याळाने वापरली. अलर्टन नावाची कंपनी बुलोव्हाची घड्याळं घेऊन त्यांची यंत्रं काढायची आणि हिऱ्यांनी सजवलेल्या नव्या केसेसमध्ये बसवून विकायची. डायलवर नाव बुलोव्हाचंच. सातव्या सर्किटच्या (सर्किट म्हणजे अमेरिकी संघीय न्यायालयांचा विभाग) अपील न्यायालयाने म्हटलं की केस बदलल्यावर ही नवी वस्तू झाली, तिच्या डायलवर बुलोव्हा हे नाव राहू शकत नाही. यंत्र बुलोव्हाचं आहे हे सांगायला मात्र हरकत नाही, खुलासा पुरेसा असला पाहिजे.

नुसतं वाचलं तर वाटतं, व्हॉर्टिकचाही कपाळमोक्ष ठरलेला. यंत्र जुनं, केस नवी, डायलवर मूळ नाव, सगळं तेच. मग निकाल उलट का लागला? हे प्रकरण अभ्यासण्यासारखं आहे ते याच फरकामुळे.

माझं उत्तर असं आहे. त्या हिरेजडित घड्याळाकडे पाहून कोणालाही ते आजच बुलोव्हाच्या कारखान्यातून आलेलं वाटलं असतं. बुलोव्हा त्याच काळात तशीच मनगटी घड्याळं विकत होती. यंत्र चालू काळातलं, केस चालू काळातली, आणि दोन्हींमधला सांधा दिसू नये अशीच रचना. लँकेस्टरमध्ये तो सांधा लपवलेलाच नाही. थाळीएवढं घड्याळ, बाराच्या डोक्यावर क्राउन, शंभर वर्षांपूर्वीच्या वळणाची अक्षरं, मागे काचेतून दिसणारं वापरानं मऊ झालेलं यंत्र आणि त्याभोवती दुसऱ्याच नावाची रिंग. ही वस्तू जोडलेली आहे हे ती स्वतःच सांगते.

निकाल

खटला न्यायाधीश ॲलिसन नेथन यांच्यापुढे फेब्रुवारी २०२० मध्ये ज्युरीविना चालला. सप्टेंबर २०२० मध्ये निकाल व्हॉर्टिकच्या बाजूने लागला. ग्राहकाची गल्लत होण्याची शक्यता हॅमिल्टनला दाखवता आली नाही, असा त्याचा गाभा. न्यायालयाने जाहिराती पाहिल्या, संकेतस्थळ पाहिलं आणि घड्याळही पाहिलं. जुन्या खिशातल्या घड्याळांची यंत्रं दुरुस्त करून आम्ही नवी घड्याळं करतो, हे व्हॉर्टिक उघडपणे सांगत होती. घड्याळाच्या मागे तिचं स्वतःचं नाव होतं. दुसऱ्याच्या नावावर पोळी भाजून घेण्याचा हेतू न्यायालयाला दिसला नाही.

हॅमिल्टन अपिलात गेली. तिथे मुख्य मुद्दा पुराव्याच्या ओझ्याचा होता: खुलासा पुरेसा होता हे व्हॉर्टिकने सिद्ध करायचं, की गल्लत होईल हे हॅमिल्टनने? सप्टेंबर २०२१ मध्ये दुसऱ्या सर्किटच्या अपील न्यायालयाने खालचा निकाल कायम केला. सिद्ध करण्याची जबाबदारी दावा लावणाऱ्याचीच. खुलासा किती आणि कसा केला, हा गल्लतीच्या नेहमीच्या कसोट्यांसोबत तोलायचा एक घटक आहे. त्या न्यायालयात या कसोट्या आठ आहेत आणि १९६१ च्या पोलरॉइड कंपनीच्या निकालावरून त्या ओळखल्या जातात.

छोट्या कारागिराच्या दृष्टीने ओझ्याचा हा मुद्दा कोरडा वाटला तरी जीवनमरणाचा आहे. तो उलट लागला असता तर जुन्या यंत्राला हात लावणाऱ्या प्रत्येकावर कोर्टात जाऊन स्वतःचा प्रामाणिकपणा शाबीत करायची वेळ आली असती.

तरी या निकालाचा अर्थ 'जुनं यंत्र असलं की काहीही चालतं' असा कोणी घेऊ नये. १९९९ मध्ये नवव्या सर्किटपुढे आलेल्या रोलेक्सच्या प्रकरणात वापरलेल्या घड्याळांना दुसऱ्यांनी बनवलेल्या डायल, बेझल (काचेभोवतीची कडी) आणि ब्रेसलेट लावून ती विकली जात होती. तिथे न्यायालयाने म्हटलं की ही आता वेगळी वस्तू आहे आणि तिच्यावर रोलेक्सची चिन्हं ठेवणं गैर आहे. आत खरं यंत्र असल्याने बाहेरचं सगळं खरं ठरत नाही.

सही कोणत्या धातूवर

सगळे निकाल शेजारी ठेवले की माझ्यासारख्या दुरुस्ती करणाऱ्याच्या डोक्यात एक साधी रेघ उमटते. ज्याने जो भाग घडवला, त्याचं नाव त्याच भागावर असावं. यंत्रावर हॅमिल्टन, कारण ते हॅमिल्टनने केलं. डायलवर हॅमिल्टन, कारण ती डायल त्या यंत्रासोबतच आली, तिला कोणी पुन्हा रंगवलेलं नाही. रिंगवर व्हॉर्टिक, कारण रिंग व्हॉर्टिकची. शंभर वर्षांपूर्वी कीस्टोनच्या केसमध्ये हॅमिल्टनचं यंत्र बसायचं तेव्हा हीच रीत होती. व्हॉर्टिकने नवं काही शोधलं नाही, जुन्या जवाहिऱ्याचं काम पुन्हा केलं.

समोरच्या बाजूलाही व्हॉर्टिकचं नाव हवं होतं, असं कोणी म्हणेल. मलाही आधी तसंच वाटलं. मग ते कुठे घालायचं याचा विचार केला. डायलवर छापायचं तर शंभर वर्षं टिकलेल्या मुलाम्यावर शाई चढवायची. ते नाव बरोबर असेल, पण ज्या डायलवर ते चढलं ती डायल मूळ राहणार नाही. काचेवर लिहिलं तर वेळ वाचताना डोळ्यात येतं, आणि काच बदलली की नाव जातं. बेझलच्या कडेवर कोरता येईल, आणि मी करत असतो तर तिथे कोरलं असतं, कारण बेझल आपलाच धातू आहे. पण डायलला हात न लावण्याचा त्यांचा निर्णय योग्यच होता.

इथे अनेक नवे कारागीर घसरतात. मूळ डायल खराब निघाली की ते तिला 'रिडायल' करून घेतात, म्हणजे जुना थर खरवडून नव्याने रंगवतात, आणि जुनं नाव नव्या शाईने पुन्हा छापतात. यंत्र खरं, नावही खरं, पण ते नाव आता त्या कंपनीने लिहिलेलं राहिलं नाही. माझ्या मते नवी डायल केली तर ती कोरी ठेवावी किंवा तिच्यावर करणाऱ्याचं नाव घालावं. जुनं नाव मागच्या काचेतून यंत्रावर वाचता येतंच. खरवडण्याबद्दल आणखी एक कळकळीची सूचना: विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातल्या चमकत्या अंकांत आणि काट्यांत रेडियम असू शकतं. त्याची अंधारातली चमक विझलेली असली तरी किरणोत्सर्ग तसाच असतो, कारण रेडियमचं अर्धायुष्य सुमारे १६०० वर्षांचं. असे काटे कोरडे खरवडून धूळ उडवू नये. शक्य तर ते बंद डबीत ठेवून दुसरे वापरावेत.

मूळ कंपनीनेच स्वतःची जुनी यंत्रं काढून नवं घड्याळ केलं तर नावाचा प्रश्नच उरत नाही. झेनिथ या स्विस कंपनीने २०२२ मध्ये तेच केलं. १९५० ते १९५४ या काळात स्वित्झर्लंडमधल्या नशातेल वेधशाळेच्या अचूकतेच्या स्पर्धांत सलग पाच वर्षं पहिली आलेली १३५-ओ यंत्रं त्यांच्याकडे जपून ठेवलेली होती. कारी वूतिलाइनेन या नामवंत घड्याळजीकडून त्यांतली दहा पुन्हा सज्ज करून घेतली आणि दहाच घड्याळं केली. तिथेही जुन्या यंत्राचं जुनेपण लपवलं नाही.

न्यायालयाने जे पाहिलं नाही

न्यायालयापुढे प्रश्न नावाचा होता, त्यामुळे यंत्राचं काय होतं हे तिथे फारसं आलं नाही. मला मात्र तेच आधी विचारावंसं वाटतं.

खिशातल्या घड्याळाचं आयुष्य शांत असतं. साखळीला टांगलेलं, कापडात गुंडाळलेलं, दिवसाचा बहुतेक वेळ उभं. मनगटावर आलं की ते दिवसभर हलतं, दाराच्या कडांवर आपटतं, उलटंसुलटं होतं. आजच्या मनगटी यंत्रांत बॅलन्सच्या दोन्ही टोकांचे खडे बारीक स्प्रिंगवर बसवलेले असतात, धक्का बसला की खडा थोडा सरकतो आणि दांडा वाचतो. इन्काब्लॉकसारखी ही सोय १९३० च्या दशकात आली. त्याआधीच्या यंत्रात खडा घट्ट बसवलेला असतो आणि केसाएवढ्या जाडीच्या टोकावर बॅलन्सचं सगळं वजन असतं. टेबलावरून घड्याळ पडलं की ते टोक मोडतंच. तसा दांडा शोधणं किंवा लेथवर नवा घडवणं हे दिवसभराचं काम. म्हणून असं घड्याळ विकणाऱ्याने 'हे रोज घाला, पण पळताना, हातोडा चालवताना काढून ठेवा' हे तोंडी नको, लेखी सांगायला हवं. माझ्या लेखी हाही खुलाशाचाच भाग आहे.

वेळ लावायची पद्धतही तशीच. रेल्वेच्या घड्याळांत क्राउन ओढून काटे फिरत नाहीत. चावी देताना चुकून क्राउन ओढला गेला आणि वेळ बदलली तर गाडी धोक्यात. म्हणून बेझल फिरवून काढायची, डायलच्या कडेखाली लपलेली बारीक पाती नखाने बाहेर ओढायची, मग क्राउनने काटे फिरवायचे, आणि पाती पुन्हा आत ढकलायची. मनगटी केसमध्ये हे यंत्र बसवताना कारागिरासमोर दोन वाटा असतात: फिरवून निघणारी बेझल द्यायची, किंवा यंत्रात फेरफार करून क्राउनवर काम भागवायचं. दुसरी वाट ग्राहकाला सोयीची, पण त्यात यंत्र कायमचं बदलतं. जुन्या पात्याचा तो नखाएवढा खटका एकदा बोटाला कळला की दुसरी वाट घ्यावीशी वाटत नाही.

आणि शेवटचा प्रश्न, ज्याचं उत्तर कोणत्याही रिंगवर कोरलेलं नसतं: हे यंत्र आलं कुठून? केस आधीच वितळलेली असेल तर नवी केस म्हणजे त्या यंत्राचा पुनर्जन्म. पण अशा घड्याळांना मागणी वाढली की कोणीतरी पूर्ण, जुळलेलं, मूळ केसमधलं घड्याळ यंत्रासाठी फोडणारच. हिशेब त्यालाही जमतो: केसचं सोनं एका गिऱ्हाइकाला, यंत्र दुसऱ्याला. माझ्याकडे यंत्र घेऊन येणाऱ्याला मी आधी हेच विचारतो. केस होती का? कुठे गेली? उत्तर चाचरत आलं, आणि यंत्राच्या कडेला केस-स्क्रूचे ताजे ओरखडे दिसले, तर मी ते काम घेत नाही. पूर्ण घड्याळ असेल तर ते पूर्णच दुरुस्त करून मालकाच्या हातात द्यायचं.

केस वितळते तेव्हा सोन्याबरोबर आणखी काही जातं, हे फार कोणाच्या लक्षात येत नाही. जुने घड्याळजी दुरुस्ती झाली की झाकणाच्या आत सुईने बारीक खूण करायचे: तारीख, नोंदवहीतला आकडा, स्वतःची आद्याक्षरं. एखाद्या झाकणात अशा आठ-दहा खुणा सापडतात, वेगवेगळ्या हातांच्या. यंत्र कोणी कधी उघडलं याची ती वहीच. यंत्रावरच्या अनुक्रमांकावरून ते कोणत्या वर्षी कारखान्यातून निघालं हे बहुधा शोधता येतं, पण पुढच्या काळाची नोंद झाकणात असते आणि झाकण भट्टीत गेलेलं असतं. व्हॉर्टिकसारख्या घड्याळात तर मागची पाठ काचेची, तिच्यावर काही ओरखडता येत नाही. पुढचा घड्याळजी ते उघडेल तेव्हा ब्रिजवरचा, म्हणजे यंत्राच्या वरच्या पट्टीवरचा, लँकेस्टरच्या कारखान्याचा आकडा वाचेल, मग रिंगवरचा फोर्ट कॉलिन्सचा. रिंग काढून उलटी धरली की आतली बाजू कोरी असते. स्वतःच्या कामाची तारीख टोकदार सुईने लिहायला तेवढीच जागा आहे.